पोर्तुगालचा चौथा माणूस

डॉक्टर, वकील आणि बँकेचे साहेब या तिघांनी मिळून मला फसवलं. सहल रद्द झाली असं मला सांगितलं आणि माझ्याशिवाय पोर्तुगालला गोल्फ खेळायला गेले. गेले तेही मी शोधलेल्या हॉटेलात, मी पाडून घेतलेल्या भावात, माझ्या जागी डॉक्टरांचा मेव्हणा घेऊन. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी पुढे काय केलं ते वाचताना त्यांच्यासाठी कोणी हळहळू नये.

मी कर्जतकडच्या, चौकजवळच्या एका गावातला. घरची भातशेती होती, ती भावाकडे गेली. मी गवत विकलं. पोशीरला भाड्याने घेतलेल्या शेतात लॉन लावायचं, त्याचे चौकोन कापायचे, टेंपोत भरून वर ओलं गोणपाट टाकायचं आणि फार्महाउसवाल्यांच्या अंगणात नेऊन अंथरायचं. लोक हसायचे. म्हणायचे, भात सोडून हा गवत पिकवतो, ह्याच्या घरी माणसं जेवतात की म्हशी? नंतर खालापूरच्या बाजूला हायवेला लागून गोल्फचं मैदान झालं, तिथे माती आणि गवत पुरवायचं काम मला मिळालं. अठरा होलपैकी अकरांची ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीचं ते गालिच्यासारखं बारीक गवत, माझ्या माणसांनी लावलेली आहेत. शेवटच्या बोलणीत मालक लोक भाव कमी करा म्हणून हटून बसले, तेव्हा मी म्हटलं, करतो, पण मला मेंबर करून घ्या. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. मी सही घेऊनच उठलो.

खेळ मी पन्नाशीला आल्यावर शिकलो आणि बऱ्यापैकी शिकलो. गवत मला कळतं. चेंडू कुठे वळणार हे लोक वाकून वाकून बघतात, मला चालताना पायाला समजतं. पाच वर्षं दर रविवारी सकाळी आम्ही चौघं खेळायचो. डॉक्टर डोळ्यांचे, मुंबईला दवाखाना, इकडे बंगला. वकील पनवेलचे. तिसरे बँकेतून निवृत्त झालेले साहेब, ते भिवपुरीकडे राहायला आले होते. चौथा मी. मला तिघंही शेठ म्हणायचे. त्या शेठमध्ये थोडी चेष्टा आहे हे मला कळत होतं, पण गावात मला सगळेच शेठ म्हणतात, त्यामुळे मी मनावर घेतलं नाही.

साहेबांचं वेगळं होतं. खेळ झाला की ते आमच्या घरी यायचे. आमच्या पडवीत बसून माझ्या बायकोच्या हातची तांदळाची भाकरी आणि सुकट खायचे. थंडीत आमच्या शेतात पोपटी, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायला, लावली की पहिलं मडकं त्यांच्यासमोर फुटायचं. वालाच्या शेंगा सोलताना बोटं भाजायची त्यांची, आणि बायको म्हणायची, "सायेब, नोटा मोजायची बोटं ती, जरा दमानं." ते हसायचे. गोल्फचे नियम मला त्यांनीच शिकवले, न लाजवता.

गेल्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी विषय काढला. एकदा युरोपात जाऊन खेळायचं, दक्षिणेकडे, ऊन असेल तिथे. वकील म्हणाले, "पण कापून घेतील हो." डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आपले शेठ आहेत ना! शेठ, तुम्ही भाव करा. आम्ही फक्त बॅगा भरतो."

मी तीन महिने घातले त्यात. असा अभ्यास शाळेत केला असता तर आज मीच वकील असतो.

सगळ्यांच्या तोंडी आधी स्पेनचा दक्षिण किनारा होता, कोस्टा देल सोल. मैदानं खंडीभर, पण तिथे तुम्ही नावाचे पैसे भरता. हायवेला लागून असलेला प्लॉट आणि अर्धा किलोमीटर आतला प्लॉट, माती एकच असते, भाव दुप्पट. मग स्पेनचाच पूर्वेकडचा मुर्सिया भाग पाहिला. स्वस्त. फोटोही छान. पण मी उपग्रहाच्या नकाशावर मैदानाच्या बाजूला काय आहे ते बघितलं तर रस्ते आखलेले, दिव्याचे खांब उभे आणि घरं अर्धवट. ते दृश्य कर्जतच्या माणसाला नवीन नाही. मोठी कमान, कारंजं आणि आत गुडघाभर रान. अशा ठिकाणी आठवडाभर राहिलं की माणूस उदास होतो. सायप्रसला मैदानं एकमेकांपासून लांब, मैदानावर फिरायची मोटारबग्गी घ्यायचीच अशी सक्ती. ग्रीसला मैदानं मोजकी. तुर्कस्तानात खाणंपिणं सगळं भावातच, पण तिथे जाऊन आलेल्या एका ओळखीच्या माणसाने सांगितलं, पोट सुटेल, खेळ सुटेल. सगळ्यांत स्वस्त बल्गेरिया निघालं. समुद्राच्या वर कड्यावर मैदान, काय सांगू! वारा मात्र असा की चेंडू मारणाऱ्याकडेच परत यावा.

मी रविवारी बल्गेरिया म्हटल्यावर डॉक्टरांनी तोंड वाकडं केलं. "शेठ, बल्गेरियाला कोण जातं हो? लोकांना सांगायचं काय?"

"सांगायचं कशाला? खेळायचं."

"तसं नसतं हो शेठ."

तसं नसतं तर नसतं. मी पोर्तुगालकडे वळलो. अल्गार्व्ह म्हणून त्यांचा दक्षिणेचा पट्टा आहे. त्याचा मधला भाग महाग, तिथे इंग्रजांची गर्दी. पण पूर्वेच्या टोकाला, जिथे नदी लागते आणि पलीकडे स्पेन सुरू होतं, तिथे समुद्रापासून थोडं आत एक हॉटेल सापडलं. विमानतळापासून तासाभराच्या आत. अलीकडे तीन मैदानं, पूल ओलांडला की पलीकडे आणखी. पुलावर घड्याळ एक तास पुढे जातं, म्हणून तिकडची वेळ सकाळी कधीच घ्यायची नाही, हे मी टिपून ठेवलं. एका मुक्कामात दोन देश. डॉक्टरांना लोकांना सांगायलाही झालं.

हॉटेलची बुकिंग सांभाळणारी एक बाई होती. तिचं इंग्रजी मोडकं, माझंही मोडकं, म्हणून सौदा सरळ झाला. नाहीतर गोड इंग्रजीत माणूस बुडतो. मी म्हटलं, आम्हाला समुद्राकडची खोली नको, आम्ही समुद्र बघितलाय. जेवण एकवेळचंच धरा. सहा दिवसांतला एक दिवस खेळणार नाही, त्याचे पैसे काढा. ती प्रत्येक वेळी म्हणायची, मॅनेजरला विचारते. मी म्हणायचो, विचारा, मी फोन धरतो.

पण खरा भाव अजून कळलेला नव्हता. आमच्याकडे जमीन घेताना शहाणा माणूस मालकाला काही विचारत नाही. बांधाला बांध लागलेल्या शेजाऱ्याला विचारतो. पावसात पाणी कुठून शिरतं, वाट कोणाची, आधीचं गिऱ्हाईक विसार देऊन का पळालं, हे शेजारी सांगतो. आता पोर्तुगालात मी शेजारी कुठून आणणार? ती बाई व्हिडिओवर मला मैदान दाखवत होती. तिच्या मागून गवत कापायचं यंत्र गेलं आणि त्यावर पगडी बांधलेला माणूस.

मी म्हटलं, "बाई, त्या पगडीवाल्याकडे फोन द्या."

ती इतकी हसली की फोन हलला. पण दिला.

"पाजी, कहाँ के?"

"होशियारपुर, जी. आप?"

"बंबई के पास. मैं भी घास का ही आदमी हूँ. ये बताओ, ग्रीन में छेद कब मारते हो?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर्षातून एकदोनदा ग्रीनला पोकळ सळयांनी हजारो भोकं पाडून माती उपसतात आणि वर वाळू ओततात. मुळांना हवा लागते. गवताला ते औषध आहे, पण दोनेक आठवडे त्यावर खेळणं म्हणजे पापडाच्या पिठावरून गोटी सरकवणं. आणि त्या आठवड्यांच्या सहलीही पूर्ण भावात विकतात, भोकांचं कोणी सांगत नाही.

पाजी म्हणाला, "मई का आख़िरी हफ़्ता. सीज़न ख़तम, और हम चालू. आप पंद्रह जून के बाद आओ. मलाई मिलेगी, मलाई."

जूनच्या मध्याला त्यांच्याकडे गर्दीचा हंगाम ओसरलेला असतो, मुलांच्या सुट्ट्या लागायच्या असतात, उजेड रात्री नऊपर्यंत असतो आणि इकडे आमचं मैदान चिखलाने बंद. मी त्याच आठवड्याचा भाव पक्का केला. तिघांना कागद दाखवला. वकिलांनी दोनदा वाचला. साहेब म्हणाले, "शेठ, बँकेत असतात तर आम्हाला घरी बसवलं असतं तुम्ही."

मी नवा पासपोर्ट काढला. व्हिसासाठी मुंबईची तारीख घेतली. बायकोने सुकट भाजून डब्यात भरायला सुरुवात केली, तिकडे चव नसते म्हणून. मी म्हटलं, "अगं, अजून तीन महिने आहेत."

"असूं दे. तुमी नाय खाल्ली तर सायेब खातील."

एप्रिलमध्ये डॉक्टरांचा फोन आला. आवाज पडलेला. वकिलांच्या घरी अडचण आहे, साहेबांचा रक्तदाब वाढलाय, यंदा रद्द करू. "पुढच्या वर्षी नक्की, शेठ." मी वकिलांच्या घरची अडचण विचारली नाही, माणसाने विचारू नये. साहेबांना मात्र फोन केला. म्हटलं, औषध घेताय ना? ते म्हणाले, "घेतोय, घेतोय." मी व्हिसाची तारीख सोडून दिली.

चार दिवसांनी हॉटेलच्या बाईचा निरोप आला. बुकिंगवर नंबर माझा होता ना. तिने विचारलं होतं, तुमच्या मित्रांनी मेचा शेवटचा आठवडा मागितलाय, चौथं नाव बदललंय, त्या नव्या माणसाला जून जमत नाही म्हणे, तुमची तब्येत बरी नाही का? आणि तुम्ही ठरवलेलाच भाव ते मागतायत, तुमची हरकत नाही ना?

मी तो निरोप चौकातल्या गॅरेजसमोर गाडीत बसून वाचला. पुन्हा वाचला. गॅरेजवाला काहीतरी विचारत होता, मी त्याच्यावर ओरडलो. त्याचा काही दोष नव्हता, नंतर जाऊन माफी मागितली.

रद्द करण्यामागे काय होतं ते मला मैदानावरच्या एका माणसाकडून कळलं. तिथे आसपासच्या गावांतली आणि डोंगराखालच्या वाड्यांतली बरीच माणसं कामाला आहेत. कोणी सांगितलं ते मी सांगणार नाही, बाई की बाप्या हेही नाही. खेळणारे लोक या माणसांसमोर असे बोलतात जसे ती झाडं आहेत.

"शेठ, तुमी नाय का चालले पोर्तुगालला?"

"नाही. का?"

"मंग बरोबर हाय. मी ऐकलं तवा वाटलं चेष्टा करतायत."

"काय ऐकलंस?"

"नाय बा. ऱ्हाऊं दे."

"सांग. तुझं नाव निघणार नाही."

"डाक्टर बोलले, भाव करायला शेठ बरा, पण संग नको. तिथं वेटरशी पण घासाघीस करल. डब्यात सुकट घेऊन येल नि हॉटेल वास मारल. लाज आणल आपली."

सुकटीचं डॉक्टरांना कसं कळलं? मी एकट्या साहेबांनाच गमतीने सांगितलं होतं.

"वकील काय म्हणाले?"

"ते मान हलवीत व्हते."

"आणि बँकेचे साहेब?"

"ते काय नाय बोलले."

"काहीच नाही?"

"हसले, शेठ."

मी घरी आलो आणि तो सुकटीचा डबा मांजरांसमोर उपडा केला. बायकोने विचारलं, काय झालं? मी तिला काही सांगितलं नाही तेव्हा.

दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या बाईला फोन लावला. म्हटलं, माझी हरकत नाही, माझ्या मित्रांना मेचाच आठवडा द्या. पण भाव जूनचा चालणार नाही, आणखी खाली यायला हवं. ती म्हणाली, उलट आहे, मे महाग असतो. मी म्हटलं, त्या आठवड्यात तुम्ही ग्रीनला भोकं पाडता. ती म्हणाली, पाजीने सांगितलं ना? मॅनेजरला न विचारताच तिने भाव खाली आणला. बाई सरळ होती. म्हणाली, तुमच्या मित्रांना तेवढं नीट कळवा, नंतर तक्रार नको.

मी म्हटलं, कळवतो.

नाही कळवलं.

विसरलो असं मी म्हणणार नाही. फोन हातात होता, तिघांचे नंबर होते. ते निघायच्या आधी चार रविवार गेले, मी मैदानावर गेलो, तिघं भेटले, "उकडतंय फार" असं म्हणाले, आणि मीही म्हटलं, हो, फार. डॉक्टरांनी नवी पादत्राणं घेतली होती. मी म्हटलं, छान आहेत, कुठे निघालात? ते म्हणाले, "कुठे नाही हो." एवढा सरळ चेहरा ठेवणारा माणूस डोळ्यांचा डॉक्टर कशाला झाला, नाटकात जायचं होतं.

ते गेले त्या आठवड्यात मी खूश होतो. सकाळी उठून चहा पिताना मला ती वाळू दिसायची. डॉक्टर वाकून नेम धरतायत, चेंडू उड्या मारत भलतीकडे जातोय, मेव्हणा विचारतोय, भावोजी, हे असंच असतं का युरोपात? असा आनंद मला अकरा ग्रीन लावून झाली तेव्हाही झाला नव्हता.

बायकोला तेव्हा सांगितलं. तिने चहा खाली ठेवला.

"डाक्टरांचं जाऊं दे. त्या सायबाला तरी सांगायचं व्हतं. माझ्या हातचं खाल्लंय त्यानं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"आवो, असं नसतं वागायचं."

"त्याने असं वागायचं असतं?"

ती उठून आत गेली. ती म्हणते ते मला पटत नाही, पण तिने म्हटलं ते इथे लिहितो, कारण मी माझ्या सोयीचं तेवढंच लिहायला बसलेलो नाही.

ते परत आले. हॉटेलात भांडले होते, आणि तिथल्या बाईने शांतपणे सांगितलं होतं की तुमच्या माणसाला सगळं माहीत होतं, म्हणून तर भाव उतरवला. पहिल्याच रविवारी डॉक्टर पार्किंगमध्येच माझ्या अंगावर आले. चार माणसं थांबून बघायला लागली.

"तुम्हाला माहीत होतं!"

"होतं."

"धोका दिलात तुम्ही आम्हाला."

"सहल रद्द झाली होती ना, डॉक्टर? रद्द झालेल्या सहलीत धोका कसा देतात?"

ते म्हणाले, "शेवटी जात्याच..." आणि तिथे थांबले. जात्याच काय, ते मी विचारलं. दोनदा विचारलं. माझा आवाज चढला होता, हात उगारला गेला होता, हेही खरं. वकील मध्ये पडले. साहेब गाडीतून उतरले नाहीत. काच वर होती.

आता क्लबच्या समितीची मला नोटीस आली आहे. सभासदांची जाणूनबुजून दिशाभूल केली, पार्किंगमध्ये गैरवर्तन केलं, खुलासा करा, तोवर तुमची रविवारची वेळ स्थगित. म्हणजे खेळणं बंद. खाली समितीच्या चिटणिसाची सही आहे. चिटणीस म्हणजे बँकेचे साहेब. ती सही मी ओळखतो, पाच वर्षं माझ्या गुणपत्रिकेवर रविवारी तीच होती.

खुलासा मी देणार आहे. मला माहीत होतं, मी सांगितलं नाही, आणि उद्या पुन्हा वेळ आली तरी सांगणार नाही. समितीने काय करायचं ते करावं. मेंबरशिप काढली तर काढली. त्या मैदानावरची अकरा ग्रीन ते काढू शकत नाहीत, तिथून चालताना त्यांना माझ्याच गवतावरून चालावं लागेल.

डॉक्टरांकडून मला काही नको. डॉक्टर कोण आहेत ते मला शेठ या हाकेतूनच कळायला हवं होतं, माझी चूक. वकिलांची मान हलायलाच असते.

पण साहेब, खुलाशाच्या बैठकीला तुम्ही टेबलापलीकडे बसणार आहात. मी माझं सांगेन आणि मग तुमच्याकडे वळेन. रक्तदाबाचं मी फोनवर विचारलं तेव्हा तुम्ही "घेतोय, घेतोय" म्हणालात, ते सोडून देतो. सुकटीची गोष्ट तुम्ही डॉक्टरांना सांगितलीत, तेही एक वेळ सोडतो. मला एवढंच सांगा की डॉक्टर म्हणाले "लाज आणेल," तेव्हा तुम्ही का हसलात? पाच वर्षं आमच्या पडवीत बसून जेवताना तुम्हाला तेच हसू येत होतं का? नोटिशीवर सही करता येते तुम्हाला, मग ह्याचंही उत्तर द्या, सगळ्यांसमोर, तोंडाने. मी उठणार नाही तोवर.